बॉलच्या शेजारी बघ

४ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. साष्टांग घालत नाही, कारण कंबर धरली आहे. आणि ती तुझ्यामुळे धरली आहे, म्हणून आधी तक्रार आणि मग ख्यालीखुशाली.

गेल्या महिन्यात तू फोनवर अगदी सहज विचारलंस, "ऑक्टोबरच्या जोडीसामन्यात माझा जोडीदार होतोस का?" आणि मी हो म्हणून बसलो. आतोबा गेल्यापासून तू त्या सामन्याचं नावही काढलं नव्हतंस, तेव्हा नाही म्हणायची माझी काय टाप! फोन ठेवल्यावर तुमच्या गोल्फ क्लबाचे नियम वाचले. जोडीतल्या दोघांचाही हँडिकॅप अठरा किंवा त्याच्या आत हवा. तुझा बारा आहे. माझा तेवीस. बायकोला हा आकडा सांगितला तर ती म्हणाली, "अरे वा, मागच्या वर्षी एकवीस होता ना? वाढला की!" या खेळात आकडा जितका मोठा तितका खेळाडू कच्चा, हे तिला समजावून सांगताना उरलीसुरली अब्रूही गेली.

तेव्हापासून रोज दुकान बंद केलं की सरावाच्या रेंजवर जातो, बादलीभर बॉल घेतो आणि सगळ्यात लांब काठीने, ड्रायव्हरने, बडवत सुटतो. शेजारी एक दाढीवाला वकील असतो, तोही बडवतो. मधूनच एखादा बॉल असा सुटतो की वकील हातातलं काम सोडून बघत राहतो. बाकीचे कुठे जातात ते विचारू नकोस. तुझ्या बाराला गाठायचं तर अकरा आकडे खाली उतरायचेत, निदान अठरापर्यंत पाच तरी. माझं नेमकं काय चुकतंय ते सांग.

आणि हो, तुझा चष्मा आता फार जुना झाला असेल. अख्ख्या गावाचे डोळे मी तपासतो आणि सख्ख्या आत्याचा नंबर मला ठाऊक नाही. इकडे ये, फुकटात करून देतो.

तुझा,
घुबड


११ मार्च

घुबडा,

तुझं पत्र अर्धंच वाचता आलं. ते अक्षर आहे की मुंग्यांची रांग? पुढचं पत्र दुकानातल्या यंत्रावर छापून पाठव. तुझ्या भिंतीवरच्या तक्त्यात वरून दुसऱ्या ओळीत जेवढं अक्षर असतं ना, तेवढं मोठं. माझंही अक्षर तुला मोठं वाटेल. ज्याच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट शिरते, त्याला असंच लिहावं लागतं.

काय चुकतंय विचारतोस? सगळं. बादलीभर बॉल एकाच काठीने बडवणं हा सराव नव्हे, त्याला धुणं म्हणतात. तुझ्यासारख्या मधल्या खेळाडूंचं दुखणंच हे. धड नवशिके नाही, धड तयार नाही. एक झकास फटका बसला की तो घरी घेऊन जाता आणि बाकीचे तिथेच विसरून येता. मैदानावर तुला एकाच जागेवरून तोच फटका परत मारायला मिळतो का? नाही ना? मग रेंजवर का मारतोस?

आजपासून बादली अर्धी. प्रत्येक बॉलला वेगळी काठी घ्यायची, वेगळी खूण धरायची, मागे जाऊन उभं राहायचं, मग पुढे येऊन मारायचं. प्रत्येक बॉल शेवटचाच आहे असं समज. आणि बॉलने काय केलं ते मला लिहून कळव. कुठून निघाला, किती उंच गेला, कुठे वळला, कसा पडला, पडल्यावर किती पळाला. फोनवर नको, फोनवर तू नुसतं हं हं करतोस.

हे मी उगाच सांगत नाही. जोडीसामन्यात दोघांत बॉल एकच असतो. एक फटका तुझा, पुढचा माझा. तू झाडीत घातलास तर झाडीतून मलाच काढायचाय. आतोबांनी मला सगळी झाडी दाखवली आहे, आता नवी बघायची हौस नाही.

माझा चष्मा ठणठणीत आहे. गिऱ्हाईक दुसरीकडे शोध.

आत्या


२ एप्रिल

प्रिय आत्या,

हुकमाप्रमाणे छापून पाठवतो आहे. या आकाराच्या अक्षरात पत्र चार पानांचं होतंय आणि बायको विचारते आहे की आत्याला पत्र लिहितोयस की मिरवणुकीचा फलक रंगवतोयस.

तुझा सराव भयंकर आहे. पूर्वी मी रेंजवर अर्ध्या तासात मोकळा व्हायचो, आता प्रत्येक बॉलपाशी उभा राहून विचार करतो. सात नंबरचं आयर्न बरं की आठ नंबरचं? आठ बरं की सात? माझी गिऱ्हाइकं खुर्चीत बसून अशीच घुटमळतात तेव्हा मी मनातल्या मनात किती चिडतो! वकील म्हणाला, "अहो, तारीख पडली का तुमच्या फटक्याला?"

आता अहवाल. सोमवारी एक डावीकडे गेला, दोन उजवीकडे, एक बरा होता. बुधवारी बरेच बरे होते. शुक्रवारी वारा होता. हँडिकॅप बावीसवर आला आहे. बायकोने सांत्वन केलं.

तुझा,
घुबड


९ एप्रिल

घुबडा,

याला अहवाल म्हणतोस? "एक डावीकडे गेला." डावीकडे म्हणजे कुठे? खुणेपासून हातभर डावीकडे की शेजारच्या परगण्यात? "एक बरा होता." बरा म्हणजे काय, ताप उतरला? उद्या मी दारात उभी राहून तुला विचारलं की बाहेर कोण आलंय, तर तू सांगशील, "एक माणूस आहे, बरा आहे."

नीट बघायला शीक आणि बघितलेलं सांगायला शीक. अंतर सांगताना घरातली मापं वापर. एक पलंग लांब, एक दार रुंद, कपबशीएवढं उजवीकडे. मला ती लगेच कळतात.

आता नवा अभ्यास. एक: हिरवळीच्या कडेला टॉवेल अंथर आणि वेगवेगळ्या जागांवरून बॉल त्या टॉवेलवर टाकायला शीक. भोकाचा विचारच करायचा नाही, फक्त टॉवेल. तुझे निम्मे फटके तिथेच वाया जातात आणि तू मात्र ड्रायव्हर परजत बसतोस. दोन: पट करताना, हिरवळीवर बॉल भोकाकडे ढकलताना, डोळे मीट. मार आणि बॉल थांबायच्या आत मोठ्याने सांग, कमी, जास्त की बरोबर. मग डोळे उघडून खरं काय ते बघ. हातांना अंतर कळतं, डोळेच मध्ये लुडबुड करतात.

तीन: मारताना बॉलकडे थेट बघू नकोस. बॉलच्या शेजारी बघ, जरासा उजवीकडे, म्हणजे बॉल छान स्पष्ट होतो.

आत्या


१० मे

प्रिय आत्या,

टॉवेलला माझा नमस्कार सांग. तो अभ्यास जादूचा आहे. बायकोचा चांगला टॉवेल नेला म्हणून घरात जे झालं ते सोड, पण आता अंगणाच्या कोपऱ्यातून टाकलेला बॉल टॉवेलवर पडतो, दाराच्या रुंदीबाहेर जात नाही, आणि पडल्यावर दोन पावलं पळून थांबतो. बघ, सांगायला शिकलो की नाही?

डोळे मिटून पट करायचा अभ्यास घरातल्या बोळात चालतो. पहिल्या दिवशी मी "कमी" म्हणालो आणि बॉल स्वयंपाकघरात जाऊन बायकोच्या पायाला लागला. तिथून उत्तर आलं, "जास्त!" आता मात्र बहुतेक वेळा बरोबर सांगतो. मीच चकित आहे.

पण तिसरा अभ्यास! आत्या, तू म्हणालीस म्हणून मी दोन आठवडे इमानेइतबारे बॉलच्या शेजारी बघितलं. परिणामी मी बॉलच्या शेजारीच मारतो आहे. एकदा तर गवताचं एवढं मोठं ढेकूळ उडालं की ते बॉलच्या पुढे जाऊन पडलं आणि बॉल जागच्या जागी हसत बसला. वकील म्हणतो, जगातलं कुठलंही गोल्फचं पुस्तक उघडा, बॉलवरून नजर हलवू नका असंच लिहिलेलं असतं, तुमच्या आत्यांनी तुम्हाला कटवायचं ठरवलंय. खरं सांग, दुसरा जोडीदार मनात आहे का? तुमच्या क्लबाचा तो उंच सेक्रेटरी? असेल तर स्पष्ट सांग, मी माझी कंबर वाचवतो.

तुझ्या पत्राबद्दलही एक शंका आहे. दुसऱ्या पानावर एका ओळीवर दुसरी ओळ लिहिली आहेस. दिव्याखाली धरून अर्धा तास बसलो तेव्हा कुठे टॉवेल आणि पलंग वेगळे झाले. आणि मला म्हणतेस मुंग्यांची रांग!

हँडिकॅप वीस.

तुझा,
घुबड


१८ मे

घुबडा,

शेजारी बघायचं सोडून दे. वकिलाचं ऐक. ते माझं मला ठीक आहे, तुला सांगायला नको होतं. झालं ते झालं.

दुसरा जोडीदार वगैरे काही नाही. सेक्रेटरीबरोबर खेळण्यापेक्षा मी टॉवेल घेऊन एकटी खेळेन.

पुढच्या रविवारी अख्खा खेळ फक्त तीन काठ्यांवर खेळ. पटर, सात नंबर आणि जवळून उंच उचलायची वेज. बाकीच्या घरी ठेव. सात बरं की आठ बरं हा प्रश्नच उरणार नाही. अर्ध्या ताकदीने मारायला लागेल, तीनचतुर्थांश मारायला लागेल, तेव्हा तुला कळेल की हातात किती फटके आहेत.

पत्र लहान आहे कारण पेन संपलं आहे.

आत्या


१४ जून

आत्या,

आज हे पत्र भिंतीवरच्या तक्त्याच्या सगळ्यात वरच्या ओळीएवढ्या अक्षरात छापतो आहे. पानावर चारच ओळी मावताहेत. मावू देत.

काल दुकानात एक निवृत्त गायनमास्तर आले होते. त्यांना खुर्चीत बसवलं, समोरचा तक्ता वाचायला सांगितला. त्यांनी मान तिरकी केली, तक्त्याच्या बाहेर भिंतीवर कुठेतरी नजर लावली आणि धडाधड अक्षरं वाचली. मी म्हटलं, "मास्तर, तक्त्याकडे बघा." ते म्हणाले, "तक्त्याकडे बघितलं की तक्ता जातो हो. शेजारी बघितलं की दिसतो." आणि माझ्या हातातली काच खाली पडली.

शेजारी बघ, जरासा उजवीकडे, म्हणजे बॉल छान स्पष्ट होतो. मोठ्या अक्षरात छापून पाठव. घरातली मापं वापर. ओळीवर ओळ. पेन संपलं म्हणे! आत्या, मी पंधरा वर्षं हाच धंदा करतोय. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या चालीवरून त्याचा नंबर सांगतो म्हणून मिरवतो, आणि तू मला तीन पत्रांत सगळं सांगून टाकलंस तरी मी तिकडे गवताची ढेकळं उडवत बसलो.

मला आधी तुझा राग आला, मग रडू आलं, मग माझाच राग आला. दुकानाचं दार ओढून घेऊन गायनमास्तर आणि मी बराच वेळ चहा पीत बसलो. ते बिचारे माझी समजूत घालत होते.

कुठला डोळा? किती दिवसांपासून? डॉक्टरांकडे गेलीस का? आणि मला का नाही सांगितलंस? याचं उत्तर आल्याशिवाय मी एकही बॉल मारणार नाही. हँडिकॅप एकोणीस आहे आणि तो तिथेच बसून राहील.

तुझा


२२ जून

प्रिय घुबडा,

धमकी देतोस होय रे मला? बरं, ऐक.

दोन्ही डोळे. उजव्याचा मधला भाग गेला, कायमचा. समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग असतो आणि कडेकडेने जग व्यवस्थित चालू असतं. डाव्यात आताशी सुरुवात आहे, त्यात दर महिन्याला इंजेक्शन घेते. होय, डोळ्यातच. तू विचारायच्या आधीच सांगते, दुखत नाही. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, तुझ्यापेक्षा पुष्कळ कमी बोलतात. पत्रं भिंगाखाली धरून वाचते. तेव्हा उपचारांत काही हयगय नाही, उगाच धावत येऊ नकोस.

तुला का नाही सांगितलं? तू मला तुझ्या त्या खुर्चीत बसवलं असतंस. काच बदलून विचारलं असतंस, "हे बरं की ते बरं?" परत काच बदलली असतीस, परत विचारलं असतंस. आणि मला म्हणावं लागलं असतं, बाळा, दोन्ही सारखंच. तू लहान असल्यापासून मी तुला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलंय. हे एक द्यायचं जिवावर आलं होतं.

आणि दुसरं कारण स्वार्थाचं आहे. मला तो सामना एकदा खेळायचाय. आतोबा आणि मी इतकी वर्षं खेळलो, ते गेले तेव्हा मला वाटलं संपलं. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या की डाव्याचीही खात्री नाही, तेव्हा एकदम वाटलं, नाही, अजून संपलं नाही. त्या शेवटच्या भोकापाशी तळ्याची कड अजून मला दिसते. ती दिसतेय तोवर तिथून एकदा चालत जायचंय, काठी हातात घेऊन. तू "आत्या, आता पुरे" म्हणाला असतास तर मला खूप लागलं असतं.

म्हणून तुझ्याकडून अहवाल मागवत होते. तुझ्या डोळ्यांनी मला खेळता येईल का, हे बघत होते. "एक बरा होता" हे वाचून तर मी नाव मागे घेणार होते.

ते शेजारी बघायचं खरंच चुकून लिहिलं गेलं रे. इतकी सवय झालीय की सगळेच असं बघतात असं वाटायला लागलंय.

आता ऊठ आणि बॉल मार.

आत्या


२० जुलै

प्रिय आत्या,

"आता पुरे" असं मी म्हणणार नाही. पण माझी एक अट आहे आणि ती तुला आवडणार नाही. सेक्रेटरीला सांग. तुझ्यामागे उभं राहून खूण धरून द्यायची, बॉल कुठे आहे ते सांगायचं, हे सगळं मी चोरून करणार नाही. मी तुझा जोडीदार आहे, भुरटा चोर नाही. तो नाही म्हणाला तर त्याच्या घरासमोर आपण दोघं जाऊन बसू.

आता अहवाल. तीन काठ्यांनी खेळलो. तिसऱ्या भोकापाशी दुसरा फटका सात नंबरचा, अर्ध्या ताकदीने. बॉल छपराएवढा वर गेला, माझ्या डाव्या खांद्याच्या रेषेत निघाला, शेवटी दारभर उजवीकडे झुकला, हिरवळीच्या तोंडाशी मऊ पडला आणि एक पलंग पुढे सरकून थांबला. तिथून भोक जिन्याएवढं लांब, उतार तुझ्या उजव्या हाताकडून डाव्या हाताकडे, ताटात पाणी कलतं तेवढाच. दिसलं का?

काल मी वकिलाचे डोळे त्याच्याच उपरण्याने बांधले आणि त्याला शेवटपर्यंत बोलून बोलून पट करायला लावलं. त्याने आमच्या सगळ्यांपेक्षा चांगले मारले. आता तो म्हणतोय की डोळे बांधूनच कोर्टात जावं.

हँडिकॅप अठराच्या वर एवढासा. नखभर.

तुझा,
घुबड


३ ऑगस्ट

घुबडा,

दिसलं. पाणी कललेलं ताटसुद्धा दिसलं.

सेक्रेटरीकडे गेले होते. घरून तयारी करून गेले, नियम, जुन्या जोड्या, आतोबांचं नाव, सगळं भाषण पाठ. पहिलंच वाक्य झालं आणि तो म्हणाला, "मला वर्षभरापासून माहीत आहे." मी विचारलं, कसं? तर म्हणे गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी त्याला क्लबाच्या दारात गाठून म्हणाले होते, "नमस्कार वहिनी, बऱ्याच दिवसांनी दिसलात, केस छान कापलेत." त्याला टक्कल आहे! त्याच्या बायकोला हे सांगितल्यावर ती तीन दिवस हसत होती म्हणे. मला एवढं ओशाळल्यासारखं झालं की भाषण तिथेच राहिलं.

कमी दिसणाऱ्या खेळाडूंसाठी नियमांत सोय आहे, सोबत्याने बोलून मदत केली तर चालतं. त्यानेच ते पान काढून मला मोठ्याने वाचून दाखवलं. माझं नाव त्याने लिहून घेतलं आहे. जोडीदाराची जागा मोकळी ठेवली आहे, कारण तुझी नखभर कटकट अजून बाकी आहे. यादी महिनाअखेरीस बंद होते.

तुझ्यामुळे माझं नाव खोडलं गेलं तर मी तुला जन्मभर वहिनी म्हणेन.

आत्या


२९ ऑगस्ट

आत्या,

सतरा!!!

सेक्रेटरींना फोन केला, जागा भरली. बायकोला सांगितलं तर तिने विचारलं, "अगं बाई, एवढा कमी झाला?" आणि मग माझा चेहरा बघून घाईघाईने म्हणाली, "म्हणजे छान ना?"

तुझा वहिनी न झालेला,
घुबड


१९ ऑक्टोबर

प्रिय घुबडा,

सुखरूप पोचलास ना? माझे पाय अजून दुखताहेत आणि मला ते फार आवडतंय.

एक काम आहे. शेवटचं भोक कसं झालं ते मला लिहून पाठव. अठरापैकी सतरा भोकं तू रेडिओसारखा बोलत होतास आणि शेवटच्या पटला तुझा आवाजच बंद पडला. मी मारला, सांगायचं ते सांगितलं आणि मग तू काहीच बोलला नाहीस. किती वेळ! नंतर नुसतं "हो" म्हणालास, मग टाळ्या झाल्या, मग सगळे मला मिठ्या मारायला लागले आणि कोणाला धड विचारताच आलं नाही. बॉल पडला नाही एवढं मला कळलं. भोकात पडणाऱ्या बॉलचा आवाज मी ओळखते, तेव्हा गोड गोड काही लिहू नकोस.

नीट सांग. मापासकट.

आत्या


२५ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

मापासकट सांगतो.

सुरुवातीचा, टीवरून, मी मारला. सरळ, पण भित्रा. तळं तुझ्या डाव्या हाताला, पाणी शांत, कडेला गवत वाळून तांबूस झालेलं. दुसरा फटका तुझा. मी तुझ्यामागे उभा राहिलो आणि विचारलं, "क्लबाच्या छपराची कड दिसते का?" तू मान तिरकी करून म्हणालीस, "दिसते." "तिच्या दोन दारं डावीकडे." मग तू जे मारलंस ते मी जन्मभर विसरणार नाही. बॉल तळ्याच्या कोपऱ्यावरून गेला, उंच नाही, आतोबा मारायचे तसा खालून जाणारा, आणि पलीकडे कोरड्यात पडून हिरवळीच्या पायरीपाशी थांबला. तुझ्या अंगावर ऊन होतं.

तिसरा माझा. मी डोळ्यांसमोर बायकोचा टॉवेल आणला आणि बॉल त्यावर टाकला. तो भोकापासून एक पलंग लांब राहिला. आपण तेव्हा चौथे होतो. पुढचा पट भोकात पडला असता तर तिसरे झालो असतो, हे मी तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "एक पलंग, आणि कपबशीएवढं उजवीकडे धर." तू आतोबांचा पटर घेतलास, डोळे मिटलेस आणि मारलास. आणि इथे माझी चूक झाली आत्या. बॉल कुठे जातो ते बघायचं माझं काम होतं, पण मी बॉलकडे बघितलंच नाही. मी बॉलच्या शेजारी बघत होतो. तुझ्याकडे. तू डोळे मिटून कान देऊन उभी होतीस, जिभेचं टोक दातांत, माझ्या लहानपणी सुईत दोरा ओवताना असायचं तसं. आणि बॉल थांबायच्या आत तू अगदी शांतपणे म्हणालीस, "एक बोट कमी."

मग मी बघितलं. बॉल भोकाच्या अगदी काठाशी थांबला होता. मी जाऊन मध्ये बोट धरलं. एकच बोट मावलं. सेक्रेटरींनीही वाकून बघितलं आणि टोपी काढली. टक्कल काय चमकत होतं! मग टाळ्या झाल्या. त्या तिसऱ्या नंबरासाठी नव्हत्या, तो तर गेला होता. मला "हो" एवढंच म्हणता आलं, कारण दुसरं काही बोललो असतो तर सगळ्यांसमोर भोकाड पसरलं असतं.

मला तुझा फार अभिमान वाटला. हे तोंडावर सांगायला हवं होतं, म्हणून निदान मोठ्या अक्षरात छापतो आहे.

तुझा,
घुबड


२ नोव्हेंबर

प्रिय घुबडा,

तुझं पत्र भिंगाखाली दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा सेक्रेटरीच्या बायकोकडून वाचून घेतलं. ती खरी वहिनी होती, खात्री करून घेतली. टकलाचा मजकूर तिला विशेष आवडला.

डॉक्टरीणबाई म्हणतात डावा डोळा सध्या टिकून आहे. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत तळ्याची कड राहील की नाही, ते त्या सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही. कान मात्र उत्तम आहेत. पुढच्या वर्षासाठी आपलं नाव आजच देऊन आले. तुला विचारलं नाही, तू नाहीतरी सात बरं की आठ बरं करत बसला असतास.

आता मुद्द्याचं. कमी पडलं हे मला थांबायच्या आत कळतं, पण मारायच्या आत कळत नाही. ते एक बोट मला हवंय. त्यासाठी काय सराव करू, कुठून सुरुवात करू, ते सगळं नीट समजावून लिही. अक्षर मोठं ठेव. आणि बादलीभर बॉल बडव असं लिहिलंस तर याद राख.

तुझी विद्यार्थिनी,
आत्या